एआय एजंटसाठी नॉलेज ग्राफचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं? हरण्याला करप्याचं औषध सांगितलं

यावलची

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली, कामाला जळगावात. आम्ही तिघांनी मिळून केळी आणि कापसाची माहिती नॉलेज ग्राफमध्ये मांडली आहे. वाण, मृगबाग की कांदेबाग (केळीच्या लागवडीचे दोन हंगाम), रोग, कीड, कोणता रोग कशामुळे पसरतो, कशावर काय करायचं, कोणत्या तालुक्यात काय आढळलं, हे सगळं नोड (एकेक गोष्ट) आणि एज (दोन गोष्टींमधला संबंध) यांत. डेटाबेस निओफोरजे, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) त्याच्या सायफर भाषेत. आतापर्यंत ते टूल आम्ही तिघं आणि कृषीची पदवी घेतलेली दोन मुलं वापरायचो. आता त्यावर एआय एजंट, म्हणजे स्वतः टूल निवडून वापरणारं भाषेचं मॉडेल, बसवतोय. एजंटला टूल्स जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा सर्व्हर उभा राहिला, सहा टूल्स दिली, सगळी चालतात. गाडं अडलंय डॉक्युमेंटेशनवर.

माणसांसाठीचं मॅन्युअल मीच लिहिलं होतं, चाळीस पानी. नवा मुलगा आला की ते वाचून दोन दिवसांत हाताशी यायचा. तेच मॅन्युअल एजंटला दिलं.

गेल्या आठवड्यात चाचणीत मी प्रश्न टाकला, आमच्याकडचा शेतकरी विचारतो तसाच: 'कांदेबागात हरण्या आलाय, काय फवारू?'

बाहेरगावच्यांसाठी सांगते. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे केळीवर येणारा रोग. पानांवर पिवळे पट्टे येतात, झाड खुंटतं. मावा ही कीड तो पसरवते. विषाणूवर औषध नसतं. रोगट झाडं उपटून नष्ट करायची, मावा आवरायचा, आणि बागेत किंवा शेजारी काकडीवर्गीय पिकं घ्यायची नाहीत. यातलं अक्षर न् अक्षर आमच्या ग्राफमध्ये आहे. पण नोडचं नाव आहे 'कुकुंबर मोझॅक विषाणू'. एजंटने शोधायच्या टूलला शब्द दिला 'हरण्यावर'. रिकामी यादी आली. मग त्याने 'पाने पिवळी' शोधलं, तिथून करप्याच्या, म्हणजे पानांवरच्या बुरशीजन्य रोगाच्या, नोडवर गेला, आणि करप्याचं बुरशीनाशक हरण्याचा उपाय म्हणून सांगून मोकळा झाला. प्रमाणासकट, एकदम ठाम भाषेत.

ते वाचून माझ्या डोळ्यांसमोर वडिलांची बाग आली. त्यांनी त्या उत्तरावर विश्वास ठेवून पंप मारले असते, रोगट झाडं तशीच उभी राहिली असती आणि तोवर मावा पुढच्या ओळींत गेला असता. चाचणी होती म्हणून वाचलो.

मॅन्युअलमध्ये पान २३ वर स्पष्ट लिहिलंय की स्थानिक नावं पर्यायी नावांच्या रकान्यात शोधावीत. एजंटने ते वाचलं होतं की नाही, कळायला मार्ग नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डॉक्युमेंटेशन किती आणि कुठे ठेवायचं? मराठीत लिहायचं की इंग्रजीत? आणि ग्राफमध्ये काही नसेल तर 'नाही' म्हणायला एजंटला कसं सांगायचं?

भुसावळ_लोको

ताई, पहिल्यांदा ते चाळीस पानी मॅन्युअल एजंटच्या समोरून काढा. तुमचा नवा मुलगा पान २३ विसरला तरी अडल्यावर शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो. एजंटला शेजारची खुर्ची नाही. त्या क्षणी जे समोर असेल त्यावर तो पुढचं पाऊल टाकतो, आणि टूल निवडताना त्याच्या समोर हमखास असतात त्या तीनच गोष्टी: टूलचं नाव, टूलचं वर्णन आणि कोणती माहिती कशी द्यायची याचा स्कीमा. तुमचं खरं डॉक्युमेंटेशन तिथे हवं. बाकीचं मॅन्युअल तुकडे करून ठेवा, लागेल तेव्हा लागेल तेवढाच तुकडा त्याने मागावा.

आमच्याकडे आम्ही एक टूल फक्त ग्राफची रचना सांगायला ठेवलंय. कोणत्या प्रकारचे नोड आहेत, कोणत्या एज आहेत, कोणती एज कुठून कुठे जाते, आणि प्रत्येकीचं एक खरंखुरं उदाहरण. दिशा नक्की लिहा. 'पसरवतो' ही एज माव्याकडून हरण्याकडे जाते की हरण्याकडून माव्याकडे, हे माणूस अर्थावरून ओळखतो. एजंट उलटी क्वेरी लिहितो, शून्य ओळी येतात, आणि तो समजतो की माहितीच नाही.

दुसरं, तुमच्या ग्राफमध्ये 'उपाय' नावाची एज आहे का? असेल तर तिचं वर्णन एका वाक्यात लिहून बघा. करप्याला बुरशीनाशक हाही उपाय, हरण्यासाठी माव्यावरचं कीटकनाशक हाही उपाय, आणि झाड उपटणं हाही उपाय. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत रोग आटोक्यात येतो, दुसरीत रोग पसरवणारा आटोक्यात येतो, तिसरीत फवारणीच नाही. लिहायला बसलात की ग्राफ कुठे कच्चा आहे ते आपोआप दिसतं. मला डॉक्युमेंटेशनचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

एजंटला लिहायची परवानगी दिली आहे का? दिली असेल तर आजच बंद करा. आमच्याकडे एका रात्रीत एकाच तालुक्याचे तीन नोड तयार झाले. कारण सायफरमधलं मर्ज, म्हणजे 'असेल तर तेच घे, नसेल तर बनव' ही आज्ञा. गाव, तालुका आणि त्यांच्यातली एज असा अख्खा पॅटर्न एकाच मर्जमध्ये दिला आणि तो जसाच्या तसा सापडला नाही, तर सायफर अख्खा पॅटर्न नव्याने बनवतो, तालुका आधीपासून असला तरी. आधी दोन्ही नोड वेगवेगळे मर्ज करायचे आणि मग एज, हे वर्णनात लिहिलंच पाहिजे. पण फक्त लिहून थांबू नका, नावांवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच नाव दोनदा येऊ न देणारा नियम) लावा. प्रोटोकॉलमध्ये टूलवर 'फक्त वाचतं' अशी खूण करता येते, पण ती खूण आहे, कुलूप नाही. कुलूप डेटाबेसच्या परवानगीतच घालावं लागतं.

शहादेकर_आप्पा

पोरी, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी संगणकातला माणूस नाही. एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं, कार्डांची तालिका हाताने लिहिली. पण तू जे लिहिलंस ते आमचंच दुखणं आहे.

आमच्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये एक जात असायची, तिच्यावर पुस्तकाचं नाव नसायचंच. नुसतं लिहिलेलं असायचं: 'धडगाव, पाहा: अक्राणी'. तालुका अक्राणी, मुख्यालय धडगाव, लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. वाचक धडगाव शोधत येणार, पुस्तक अक्राणीखाली लागलेलं. ते कार्ड नसेल तर तो रिकाम्या हाताने परत जातो, आणि जाताना म्हणतो की या ग्रंथालयात सातपुड्यावर काहीच नाही. तुझ्या एजंटचं हेच झालं. 'हरण्या, पाहा: कुकुंबर मोझॅक विषाणू' एवढं एक कार्ड कमी पडलं.

तेव्हा ही नावं मॅन्युअलच्या पानावर ठेवू नकोस, ग्राफमध्येच घाल. प्रत्येक नोडला एक मान्य नाव आणि बाकीची सगळी पर्यायी. आणि ती नावं कार्यालयात बसून गोळा करू नकोस. तुमच्या यावल-रावेरकडे लेवा गणबोली, धुळे-साक्रीकडे अहिराणी, आमच्या वरच्या डोंगरात भिलोरी आणि पावरी. आमचा माणूस विचारतो, 'मन्ही केळीले काय व्हयनं?' त्यात रोगाचं नावच नसतं. अशा वेळी एजंटने उलट प्रश्न विचारला पाहिजे, तेही लिहून ठेव.

दुसरी गोष्ट काळाची. तुम्ही तालुक्यांची माहिती घातली आहे म्हणतेस. आमचा शहादा तालुका कोणत्या जिल्ह्यात? आज नंदुरबार. पण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीच्या कुठल्याही अहवालात शहादा धुळे जिल्ह्यात आहे, आणि १९६० च्या आधीच्या कागदांत पश्चिम खानदेशात. तुमचं तिथलं विद्यापीठ घे. १९९० ला स्थापन झालं तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव. जुन्या प्रबंधावर जुनंच नाव असणार. म्हणजे 'शहादा नंदुरबारमध्ये आहे' हे वाक्य अपुरं आहे. कधीपासून, हे त्या एजवर लिहिलेलं हवं. आणि एजंटला सांगितलेलं हवं की जुन्या नोंदीबद्दल विचारलं तर आधी ती तारीख बघ.

ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी आम्हाला विषयाचे पाच पैलू शिकवले: व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. शेवटचे दोन लोक विसरतात. तू विसरू नकोस.

यावलची

आप्पा, लोकोदादा, मनापासून आभार. तीन दिवस त्यावरच बसले होते म्हणून उत्तराला उशीर झाला.

'उपाय' एज होती, आणि तिच्यात नेमक्या त्याच तीन गोष्टी कोंबलेल्या होत्या. आता तीन वेगळ्या एज केल्या: 'रोग_आटोक्यात_आणतो', 'वाहक_आटोक्यात_आणतो' आणि 'मशागतीचा_उपाय'. पहिली एज हरण्याकडे कधीच जात नाही, आणि तसं तिच्या वर्णनातच लिहिलं आहे. लिहायची परवानगी काढून टाकली.

नावं गोळा करायला दोन संध्याकाळी वडिलांसोबत बांधावर बसले. शेजारचे दोन काकाही आले. मी रोगाचा फोटो दाखवायचा आणि त्यांनी नाव सांगायचं, असं चाललं. एकाच करप्याला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. सगळं वहीत जसंच्या तसं उतरवलं.

आता शोधायच्या टूलचं वर्णन असं आहे, तुम्ही तपासा:

'पीक, वाण, रोग, कीड, औषध किंवा गाव नावावरून शोधतं. फक्त वाचतं, काही बदलत नाही. शब्द मूळ रूपात दे: हरण्यावर नको, हरण्या दे, माव्याने नको, मावा दे, कापसावर नको, कापूस दे. बोलीतली नावं चालतात. एकाहून जास्त नोड आले तर त्यांची वर्णनं वाच आणि शेतकऱ्याला विचार, स्वतः निवडू नकोस. काहीच आलं नाही तर त्याचा अर्थ आमच्याकडे नोंद नाही एवढाच. अशा वेळी लक्षणांवरून दुसरा रोग धरून औषध सांगू नकोस.'

मूळ रूपाचं वाक्य घालायचं सुचलं ते नोंदी बघताना. एजंटने पाठवलेल्या शब्दांत 'करप्यावर', 'माव्यामुळे', 'केळीला' असे प्रत्यय लागलेले शब्द भरपूर होते. आपल्या भाषेत प्रत्यय लागला की मूळ शब्दच वाकतो, कापूसचा कापसा होतो, मावाचा माव्या होतो. नुसता शेवटचा 'वर' छाटून भागत नाही. ते एक वाक्य घातल्यावर तो शब्द नीट सोडवून पाठवायला लागला.

भाषेचं म्हणाल तर मराठीतच ठेवलं. टूलची नावं तेवढी इंग्रजी अक्षरांत ठेवावी लागली, देवनागरी नाव मॉडेलच्या बाजूने स्वीकारलंच नाही.

पांझरेवरून

ताई, वर्णन छान झालंय. मराठीत ठेवलंत तेही बरं केलंत. देवनागरी मजकुराचे टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) बहुतेक मॉडेलमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त होतात, त्यामुळे खर्च थोडा वाढतो, पण 'पिलबाग' (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली बाग) किंवा 'निसवण' (घड बाहेर पडणं) या शब्दांचं इंग्रजी करून परत मराठी करताना जी मोडतोड होते तिच्यापुढे तो खर्च काहीच नाही.

मी बरीच वर्षं विकिडेटावर मराठी नावं भरते. ते २०१२ पासून चालू आहे आणि तिथे प्रत्येक गोष्टीला तीन रकाने असतात: नाव, एका ओळीचं वर्णन आणि पर्यायी नावं. तुमच्याकडे नाव आणि पर्यायी नावं झाली, नोडचं एका ओळीचं वर्णन आहे का? ते वर्णन म्हणजे व्याख्या नव्हे. त्याचं काम एकच, सारख्या नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवणं. खानदेशात पिंप्री किती आहेत बघा. 'गाव' एवढंच वर्णन असेल तर एजंट पहिली पिंप्री उचलणार. तालुका आणि जिल्हा वर्णनात घाला. गुणधर्मांच्या पानांवर तिथे खरी उदाहरणंही जोडलेली असतात, तसं तुमच्या प्रत्येक एजला करा. नियम वाचून जे कळत नाही ते उदाहरणावरून चटकन कळतं. हे माणसालाही लागू आणि मॉडेललाही.

आता एक गोष्ट जी मला फार महागात पडली. कापसाच्या भागात 'पांढऱ्या माशीवर' असं कुठे लिहिलेलं आहे का? त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक ऱ आणि हलंत, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आतली अक्षरं वेगळी. 'ॲ'चंही तेच, एक अखंड अक्षर आणि एक अ-ला जोडकाने चिकटवलेला चंद्र. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या जोड्या एक करत नाही. माझ्या एका यादीत अशी दोन-दोन नावं महिनाभर शेजारी-शेजारी बसली होती आणि मी दहा वेळा बघूनही मला फरक दिसला नाही. दिसणारच नव्हता.

हे मात्र डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून उपयोग नाही. कोडमध्येच एकसारखं करून घ्या, भरताना आणि शोधताना दोन्हीकडे.

भुसावळ_लोको

पांझराताईंच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि मी एक पाऊल पुढे जाईन. 'काहीच आलं नाही तर...' हे वाक्य वर्णनात आहे ते राहू द्या, पण रिकामी यादी परत पाठवणंच बंद करा. शून्य नोड सापडले तर टूलनेच वाक्य पाठवावं: या नावाची नोंद नाही, जवळची नावं ही आहेत, यातलं कोणतं ते शेतकऱ्याला विचार. वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो, उत्तर तो अगदी त्या वळणावर वाचतो. चुकीच्या क्वेरीलाही तसंच करा. नुसतं 'एरर' देऊ नका, कोणत्या एजचं नाव चुकलं आणि बरोबर नावं कोणती ते सांगा.

यावलची

दोन्ही केलं. अर्ध्या र-चे सत्तावीस नोड निघाले. सत्तावीस! पांझराताई, तुम्ही सांगितलं नसतं तर ते आम्हाला कधीच दिसले नसते.

एजंटला पुन्हा तोच हरण्याचा प्रश्न घातला. यावेळी तो हरण्यावरून विषाणूच्या नोडवर गेला, तिथून माव्यावर, आणि उत्तर दिलं की या रोगावर औषध नाही, रोगट झाडं उपटून नष्ट करा, माव्याचा बंदोबस्त करा, शेजारी काकडी-भोपळा आहे का तेही बघा. प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत बारा वेळा फिरवून विचारला. एकदाही बुरशीनाशक आलं नाही.

मग काल संध्याकाळी फोन वडिलांच्या हातात दिला. मी काही सुचवलं नाही. त्यांनी त्यांच्या मनाने विचारलं: 'पोंगा सडू राहिला, काय करू?' पोंगा म्हणजे झाडाच्या शेंड्याची कोवळी पानांची सुरळी. हा शब्द आमच्या वहीत आला होता, पण एका रोगाखाली टाकता येत नव्हता. हरण्या जोरात असला तरी पोंगा सडतो, आणि जिवाणूमुळे कंद कुजतो तेव्हाही. म्हणून 'पोंगा सडणे' हा वेगळा लक्षणाचा नोड केला होता, दोन्ही रोगांना जोडलेला, आणि त्याच्या वर्णनात लिहिलं होतं की दोन्हींत फरक कशावरून करायचा.

एजंटने औषध सांगितलं नाही. त्याने विचारलं, 'कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात का? की झाड जमिनीलगत कुजलंय आणि दुर्गंधी येते?'

वडिलांनी फोन खाली ठेवला, चप्पल घातली आणि बॅटरी घेऊन बागेत गेले. पंधरा मिनिटांनी परत येऊन म्हणाले, 'पट्टे हायेत. वास नाही.' मग खाटेवर बसून एका बोटाने तेच टाइप केलं.

आप्पा, तालुक्यांच्या तारखांचं काम आता हातात घेतलंय. अक्राणी-धडगावचं कार्ड पहिलं लावलं. साक्री, पिंपळनेर, तळोदा, नवापूरकडचे कोणी हे वाचत असाल तर करपा, मावा, पोंगा सडणं, घड न निसवणं, याला तुमच्या घरात काय म्हणतात ते इथे लिहा. बोलता तसंच लिहा, शुद्ध करू नका.